आम्ल न घातलेली बाटली

भाऊ गेल्यावर दोन आठवड्यांनी त्याच्या विहिरीचे पाणी तपासायला सरकारी माणूस आला. आमचे शेत साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीला लागून आहे. पाणी केव्हाचे पिवळसर झाले होते आणि भाऊ तेच पीत होता. तो त्या पाण्यानेच गेला असे मी म्हणत नाही, पण मला विचारायचा हक्क आहे.

माणसाने बाटली भरली आणि तिच्यात सवयीने आम्ल ओतले. मी कराडला रसायनशास्त्र शिकवतो. मी म्हणालो, "अहो, थांबा. क्रोमियमची दोन रूपे असतात, त्यातले एक विषारी. पालापाचोळा कुजलेल्या अशा पाण्यात आम्ल पडले की ते विषारी रूप दुसऱ्यात बदलते. मग तुम्हाला सापडणार काय?"

"सर, सगळ्या धातूंना आम्ही हेच करतो."

वहिनी शेजारीच उभी होती. "आवं सायेब, आमी काय आशिड घालून पाणी पितो व्हय?"

तो हसला आणि बाटली घेऊन गेला.

त्याच दुपारी मी आम्लाशिवाय दुसरी बाटली भरून कॉलेजात नेली. तपासणीचे रसायन टाकताच पाणी जांभळे झाले. विषारी रूप असले की तसेच होते.

सरकारी अहवालात मात्र आले, 'विषारी क्रोमियम आढळले नाही.' मी त्या सरकारी माणसाला जांभळ्या पाण्याचा फोटो दाखवला, तर तो म्हणाला, "तुमची तपासणी अधिकृत नाही."

वहिनीने पंपाची वायर तोडली. पण शेजारी त्या अहवालावर विसंबून त्याच विहिरीतून दोराने पाणी शेंदतात, आणि मी दर रविवारी त्यांच्याशी भांडायला जातो.