निझव्याच्या पाटात कोरडे राहिलेले पाय

चूक माझी होती, हे आधीच लिहून टाकतो. शेवटी लिहायचं ठेवलं तर पुन्हा कुठेतरी आडोसा शोधीन. गेल्या मे महिन्यात मी थोरल्या भावाच्या पाळीचं पाणी चोरलं, आणि दोष त्यांच्या सालदारावर ढकलला.

इथले असे चमत्कारिक अनुभव मी बरेच दिवस वाचतो. खरं सांगायचं तर हसण्यासाठी वाचायचो... शहाद्यात माझं बियाण्यांचं दुकान आहे, सगळे मला बापू म्हणतात. उगवलं तर बी, नाही तर माती, एवढ्यावर विश्वास ठेवणारा मी माणूस.

शेत शहाद्यापासून सहा-सात किलोमीटरवर. विहीर एक, मोटर एक, भाऊ दोन. वाटणीच्या वेळी वडिलांनीच ठरवून दिलं होतं — तीन दिवस थोरल्याचे, म्हणजे नानांचे, तीन दिवस माझे. पाळी बदलायच्या दिवशी सूर्य उगवला की पाइपलाइनचा वाल दुसऱ्या बाजूला फिरवायचा. त्यावरून आमच्यात कधी शब्दाला शब्द लागला नव्हता.

त्या मेमध्ये वहिनींच्या ऑपरेशनसाठी नाना सुरतेला होते. शेत वेस्ताच्या हवाली. वेस्ता धडगावकडच्या डोंगरातला पावरा आदिवासी, वयाने माझ्याहून मोठा, अकरा वर्षं नानांकडे सालाच्या बोलीवर राबलेला सालदार. नानांची पाळी सुरू व्हायच्या आदल्या दिवशी मी त्याला सांगितलं की तीन दिवस लाईट येणार नाही, घरी जाऊन ये, इकडे मी बघतो. लाईट येणार होती. विहीर खाली गेली होती आणि माझ्या केळीचे घड भरत होते... मी वाल फिरवलाच नाही.

तीन दिवसांत नानांची नवी लागवड करपून गेली. नाना परतले तेव्हा वेस्ताने जे होतं ते सांगितलं — बापूंनी मला घरी पाठवलं. नानांनी माझ्याकडे बघितलं.

"मी? मी तं दुकानवर व्हतू," मी म्हणालो. "याले मी काहीच सांगं नही."

वेस्ताने वाद घातला नाही. त्याच दिवशी गोधड्या-भांडी बांधून बायकोसोबत निघून गेला. खोटं बोलणारा सालदार म्हणून आसपासच्या गावांत कुणी त्याला ठेवून घेईना. पुढे तो गुजरातेत ऊस तोडायला गेल्याचं कळलं. मी ते ऐकलं आणि दुकानात गिऱ्हाइकाला भेंडीचं बी दाखवत राहिलो.

हिवाळ्यात एका कंपनीने आम्हा डीलर लोकांना मस्कतला नेलं. त्यातला एक दिवस निझव्याचा. निझवा ही ओमानची जुनी राजधानी, मस्कतपासून दोन तासांवर. आमचा गाईड सालेम हिंदी छान बोलायचा. आधी किल्ला दाखवला — मातीच्या रंगाचा प्रचंड गोल बुरूज, आत खजुराची पोती रचायच्या खोल्या. मी सँडल घातले होते, पाय घोट्यापर्यंत पांढरट धुळीने भरले.

तिथून सालेमने आम्हाला पाटावर नेलं. डोंगराच्या पोटातून निघालेलं पाणी दगडी पाटातून बागांकडे जातं. पायऱ्या उतरून लोक त्यात पाय सोडून बसतात. सकाळचे साडेअकरा वाजले असतील. सालेम सांगत होता की इथे प्रत्येकाची पाण्याची पाळी ठरलेली, पूर्वी जमिनीत रोवलेल्या काठीची सावली बघून ती बदलायचे. खापर गावचा डीलर रवी माझा रूम पार्टनर. त्याने विचारलं, दुसऱ्याच्या पाळीत कुणी पाणी घेतलं तर? सालेम म्हणाला, कसं घेईल, सगळ्या गावाचे डोळे सावलीवर असतात.

मी पँट दुमडली आणि पाय पाण्यात सोडले.

गार लागलं नाही. काहीच लागलं नाही. शेजारी रवीच्या पायांना बारीक मासे चावत होते आणि तो हसत होता. मी पाय वर काढले... घोट्यावरची धूळ जशीच्या तशी. एक थेंब नाही.

"तुले पानी बी वळखत नही का रे?" रवी हसला. मी पुन्हा पाय बुडवले. पाणी पोटऱ्यांपर्यंत होतं, वाहताना दिसत होतं. वर काढले, कोरडे. तिसऱ्यांदा रवीने स्वतः माझा पाय धरून दाबला. त्याचा हात मनगटापर्यंत ओला झाला. माझा पाय कोरडा. रवीचं हसू थांबलं.

"बापू," तो हळूच म्हणाला, "हाई काय शे?"

मी सँडल चढवले आणि बसमध्ये जाऊन बसलो. परतीच्या दोन तासांत रवीने एकदाही मला छेडलं नाही. संध्याकाळी हॉटेलच्या नळाखाली पाय धरले, तेव्हा ते नेहमीसारखे भिजले.

यावर खूप डोकं चालवलं. कोरड्या हवेत पाणी लगेच उडतं म्हणावं, तर धूळ कशी राहिली? मला भास झाला म्हणावं, तर रवीने स्वतःच्या हाताने बघितलं. आजही तो विषय निघाला की तो उठून जातो.

घरी आल्याच्या दुसऱ्या दिवशी मी शेतात जाऊन नानांना सगळं सांगितलं. पाण्याचं, वेस्ताचं, निझव्याचं. पाटाचं त्यांनी कानाआड केलं. करपलेल्या जागी पुन्हा लावलेल्या रोपांवरून नजर फिरवली. मग एवढंच म्हणाले, "माले नको सांगू. गाडी काढ."

वेस्ता गुजरातेतून डोंगरातल्या आपल्या घरी येऊन दोनच दिवस झाले होते. अंगणात कुडाची दुरुस्ती करत होता. आम्हाला बघून त्याने खाट टाकली. मी बसलो नाही.

"वेस्ता, तू खरं बोलना व्हता," मी म्हणालो. "खोटं मी बोलनू."

तो बांबू हातात घेऊन उभा राहिला. मग त्याने बायकोला बाहेर बोलावलं, शेजारच्या दोन घरांना हाक मारली. सगळे अंगणात येईपर्यंत थांबला. त्यांच्या बोलीत त्यांना काहीतरी सांगितलं आणि माझ्याकडे वळला.

"आते बोला बापू. आठे गावमां बी मी खोटाच शे."

नाना खाली बघत होते. मी हात जोडले.

"वेस्ताभाऊनी काहीच चूक नव्हती. पानी मी चोरं, आनि नाव यानावर ढकलं. वेस्ताभाऊ, माले माफ करा."