आमच्या साडूंची सर्व्हिस

पृथ्वीच्या पाठीवर कुठेही कुणाची निंदा चाललेली असो, ज्याची निंदा चालली आहे तो माणूस जर तिथे हजर नसेल, तर त्याचं वकीलपत्र आमच्या साडूंकडे आहे असं खुशाल समजावं. साडू म्हणजे आमच्या सौभाग्यवतींच्या थोरल्या बहिणीचे, आमच्या ताईंचे, यजमान. अबू धाबीला राहायचे आणि मुसफ्फाच्या कारखान्यांच्या वस्तीत, लोखंडी टाक्या आणि पाइप बनवणाऱ्या एका कंपनीत स्टोअर्स इन-चार्ज होते. मी अजमानला राहून दुबईत इन्शुरन्सच्या ऑफिसात खर्डेघाशी करायचो. दोन साडूंमध्ये देवाने दोन तासांचा हायवे ठेवला, ही त्याची माझ्यावर मोठीच कृपा होती. कारण त्यांच्यासमोर बसून कुणाबद्दल चार वाईट शब्द बोलायची सोयच नव्हती. एकदा गणपतीच्या आरतीला माइक आणण्याचं काम ज्याच्याकडे होतं तो गृहस्थ आलाच नाही. सगळा हॉल त्याच्या नावाने खडे फोडत होता. साडूंनी अर्धा तास एकट्याने किल्ला लढवला. गाडी पंक्चर झाली असेल, बायको आजारी असेल, वाटेत पोलिसांनी थांबवलं असेल. शेवटी तो आला आणि हसत म्हणाला, "सॉरी, विसरलो." लोकांनी हसून सोडून दिलं. साडूंनी मात्र तिथेच त्याला धारेवर धरलं, कारण आता तो हजर होता आणि वाट पाहून घरी गेलेले चार म्हातारे गैरहजर होते. टीव्हीवर कपड्यांच्या पावडरची जाहिरात लागली की तिच्यात जी दुसरी 'साधारण पावडर' दाखवतात, तिचीसुद्धा ते बाजू घेत. "तिला बोलायला दिलंय का त्यांनी? एकतर्फी निकाल," असं म्हणून त्यांनी ताईंना महिनोन्‌महिने दुकानातली सगळ्यात साधारण पावडर वापरायला लावली होती.

असा माणूस इंटरनेटवर सोडणं म्हणजे काय होतं, हे आम्हाला आधी कळायला हवं होतं. त्यांची मुलगी तेव्हा सतराची होती. तिनेच त्यांना कॉम्प्युटर शिकवला. कुठल्याशा व्हॉल्व्हचं माप शोधताना साडू भरकटत अमेरिकेतल्या एका वादाच्या पानावर जाऊन पोचले आणि तिथेच त्यांनी बैठक मारली. त्या वर्षी तिकडे राष्ट्राध्यक्षाची निवडणूक होती आणि आमच्या शेजारी इराकात युद्ध चालू होतं. उमेदवारांपैकी एकजण तरुणपणी लढाईवर जाऊन पदकं मिळवून आलेला होता. विरोधक म्हणत होते की पदकं खोटी, देशप्रेम खोटं, एकही सैनिक याच्या पाठीशी नाही. ज्याच्याबद्दल हे चाललं होतं तो अर्थातच तिथे हजर नव्हता. साडूंना आणखी काय पाहिजे?

त्यांचं म्हणणं स्टोअर्सच्या न्यायाला धरून होतं. "पदक मिलिटरीने दिलं ना? म्हणजे माल इश्यू झाला, सही झाली, विषय खलास. आता गेटवर उभं राहून तो परत मोजणारे हे कोण?" तिकडची रात्र म्हणजे इकडची सकाळ. पहाटेची अजान झाली की मोडेमची किरकिर सुरू व्हायची, ती कंपनीची बस येईपर्यंत. इंग्रजी त्यांचं पक्कं कचेरीतलं. समोरच्याने आईवरून शिवी दिली तरी यांचं उत्तर "रिस्पेक्टेड सर, विथ रेफरन्स टू युवर अबव्ह मेसेज, आय बेग टू डिफर" असंच सुरू व्हायचं. कुणीतरी विचारलं, तू कोण आहेस? साडूंनी नम्रपणे लिहिलं की आय अ‍ॅम इन सर्व्हिस फॉर ट्वेंटी सिक्स इयर्स, प्रेझेंटली पोस्टेड इन गल्फ, लुकिंग आफ्टर स्टोअर्स अँड कॅम्प. यातलं अक्षरन्‌अक्षर खरं होतं. कंपनीचे कामगार ज्या लेबर कॅम्पात राहायचे, त्याची व्यवस्था बरीच वर्षं त्यांच्याकडेच होती. मागच्या कुवेतच्या लढाईत बडे साहेब एकाएकी रजेवर गेले, तेव्हा ताईंना आणि लहानग्या मुलीला ठाण्याला पाठवून हे एकटे मागे राहिले होते, कारण कॅम्पातल्या पोरांच्या पाण्याचं आणि डाळतांदळाचं बघायला कुणीतरी हवं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला फोन. "साडूभाऊ, एक विचारू? तुमच्या नोकरीबद्दल तुमच्या ऑफिसात कुणी कधी तुमचे आभार मानलेत?"

"पगार देतात की."

"पगार निराळा. इथे एका माणसाने मला लिहिलंय, थँक यू फॉर युवर सर्व्हिस, सर. आणि खाली आणखी चौघांनी तेच. ओळख ना पाळख. मी सर्व्हिस करतो म्हणून आभार."

मी म्हटलं, अमेरिकन लोक दार उघडलं तरी थँक यू म्हणतात. ते चिडले नाहीत, याचंच मला नवल वाटलं. त्यानंतर साडू बदलले. कामावर जाताना बूट पॉलिश करू लागले. ताई सांगायच्या, हल्ली हे बसच्या ड्रायव्हरलासुद्धा उतरताना थँक यू म्हणतात, तो बिचारा पठाण घाबरतो.

त्या पानावर एक बाई होत्या. अमेरिकेतल्या कुठल्याशा छोट्या गावातल्या. त्यांचा मुलगा सैन्यात ट्रक चालवायचा आणि इराकात होता. त्यांनी साडूंना विचारलं, तिथला उन्हाळा खरंच कसा असतो? मुलगा नीट काही सांगत नाही. झालं. आमच्या साडूंनी रोज एक निबंध लिहायला घेतला. पाण्याचं पिंप सावलीत ठेवा, नुसतं पाणी ढोसू नका, लिंबू-मीठ-साखर घाला, मानेला ओला पंचा बांधा, दुपारी लोखंडाला हात लावू नका. मुसफ्फाच्या पोरांना जे ओरडून सांगायचे, ते सगळं इंग्रजीत. बाई ते मुलाला कळवायच्या. तिकडून लिंबाच्या सरबताची पाकिटं जाऊ लागली. मग एक दिवस बाईंनी लिहिलं की आमच्या घरातले सगळे त्या उमेदवाराला देशद्रोही म्हणतात, माझं मन ठरत नव्हतं, पण तुम्ही स्वतः सर्व्हिसमध्ये आहात, त्या वाळूत उभे आहात, तुम्ही त्याला खरा म्हणता तर मी तुमच्या शब्दावर त्याला मत देणार. साडूंनी ते मला फोनवर दोनदा वाचून दाखवलं.

आणि मग तो गरुडवाला मागे लागला. नावाच्या जागी गरुडाचं चित्र लावणारा हा इसम विरोधी पक्षाचा. त्याने एके सकाळी सरळ विचारलं, सर्व्हिसमध्ये आहेस ना, मग तुझं युनिट सांग. साडूंनी लगेच सांगितलं, "युनिट टू." त्यांच्या कंपनीच्या दोन शेड होत्या, एक आणि दोन, आणि साडूंचं स्टोअर दोनमध्ये. गरुडवाला म्हणाला, असं युनिट असूच शकत नाही, तू खोटारडा आहेस आणि तुझा उमेदवारही तसलाच. मग त्याचे साथीदार जमले. रोज सकाळी पानभर एकच मागणी, पुरावा दे. बाईंनीही हळूच लिहिलं, सर, एकदाच त्यांना दाखवून द्या ना, म्हणजे मलाही घरात तोंड उघडता येईल.

साडूंचं जेवण तुटलं. "युनिट टू नाही म्हणतो! रोज सकाळी मी काय हवेत जातो का?" ताईंनी मला फोन करून सांगितलं, यांचं ब्लडप्रेशर वाढलंय, ऑफिसातही कुणाशी धड बोलत नाहीत. शेवटी साडूंचाच हुकूम आला. शुक्रवारी डिजिटल कॅमेरा घेऊन या, फोटो टाकून त्याचं तोंड कायमचं बंद करू. मी सुट्टीचा दिवस पाण्यात घालून गेलो. मुसफ्फात चिटपाखरू नव्हतं. 'युनिट टू' लिहिलेल्या गंजक्या पाटीखाली साडू कडक इस्त्रीचा शर्ट आणि डोक्यावर पिवळं हेल्मेट घालून उभे राहिले. वॉचमन केरळचा. त्याने विचारलं, "साब, रिटायर हो रहे हो क्या?" साडू म्हणाले, "नहीं. इज्जत का सवाल है."

घरी आलो. ताईंनी पानं घेतली. साडूंचा वरणभात कालवून झाला होता आणि मुलगी कॉम्प्युटरपाशी फोटो चढवायला बसली होती. तिने म्हणे सुरुवातीला एकदा त्यांच्या नावाने खातं उघडून दिलं होतं, नंतर काही वाचलंच नव्हतं. फोटो कुठे टाकायचा हे बघायला ती मागचं मागचं वाचत गेली आणि मध्येच थांबून पुन्हा पहिल्यापासून वाचू लागली. मग खुर्ची वळवून म्हणाली, "बाबा, दे थिंक यू आर इन द आर्मी."

साडू हसले. "कोण म्हणतं?"

"एव्हरीबडी. सर्व्हिस मीन्स आर्मी देअर, बाबा. नॉट नोकरी."

मी माझ्या घासाकडे बघत राहिलो. इन्शुरन्सच्या ऑफिसात मीसुद्धा वीस वर्षं सर्व्हिसच करत होतो. साडूंनी हात ताटाबाहेर घेतला. एकेक शब्द विचारू लागले. पोस्टेड? तिने मान हलवली. कॅम्प? "आर्मी कॅम्प." युनिट? "रेजिमेंट, बाबा," म्हणताना तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मग साडू म्हणाले, "म्हणजे तो गरुडवाला बरोबर बोलत होता."

ताई घाबरल्या. "अहो, परक्या मुलखात राहतो आपण. शेजारी लढाई चाललीय आणि तुम्ही मिलिटरीचं नाव सांगून बसलात. उद्या कुणी दारात आलं तर?" मी म्हटलं, मशीन बंद करा, परत तिकडे जाऊ नका, तुम्हाला तिथे नावाने कोण ओळखतं? मुलगीही तेच म्हणाली, "जस्ट डोन्ट लॉग इन. दे विल फरगेट." शिवाय खरं सांगितलं तर त्या उमेदवाराचंच नुकसान होतं. याचे पाठीराखे सैनिकही बनावट, असं म्हणायला गरुडवाला टपलेलाच होता. साडूंनी सगळ्यांचं ऐकून घेतलं.

"त्या बाईंचं काय?" ते म्हणाले. "त्या माझ्या शब्दावर मत देणार आहेत. आणि शब्द माझा नाहीच. कुण्या भलत्याच माणसाचा आहे."

हात धुऊन ते खुर्चीत बसले आणि एका बोटाने टाइप करू लागले. या वेळी 'रिस्पेक्टेड सर' नव्हतं, 'रिस्पेक्टेड मॅडम' होतं. मी सैनिक नाही, कधी नव्हतो. आमच्याकडे नोकरीला सर्व्हिस म्हणतात. मी पाइप, वॉशर आणि कामगारांच्या जेवणाचं बघतो. उन्हाबद्दल जे लिहिलं ते खरं आहे. उमेदवाराबद्दल माझं मत तेच आहे, पण माझ्या मताला तुम्ही दिलेलं वजन कृपया काढून घ्यावं. खाली स्वतःचं पूर्ण नाव, हुद्दा आणि तो हेल्मेटवाला फोटो. सगळं एकदा तपासून त्यांनी बटण दाबलं.

पुढचा आठवडा वाईट गेला. गरुडवाल्याने गुढ्या उभारल्या. उमेदवाराच्या बाजूचे लोक तर त्याच्याहून चवताळले, तुझ्यासारख्यांमुळे आम्ही हरणार म्हणून. कुणी अतिरेकी म्हटलं, कुणी वाळूत परत जा म्हटलं. साडू रोज सकाळी उठून ते सगळं शेवटपर्यंत वाचायचे, जणू हजेरी लावायची होती. अखेर पान चालवणाऱ्यांनी त्यांचं नाव बंद करून टाकलं. बाईंचं एक अक्षर आलं नव्हतं. निवडणूक झाली आणि तो उमेदवार पडला. दिवाळीच्या फराळाला साडू आमच्याकडे आले, चकली हातात धरून म्हणाले, "माझ्यामुळे." मी समजावलं, अहो, कोट्यवधी मतं असतात तिकडे, मुसफ्फाच्या स्टोअर्समधून अमेरिका पडत नाही. "एक मत तरी कमी पडलंच असेल," ते म्हणाले. एरवी मी त्यांना यावर वर्षभर चिडवलं असतं. तेव्हा जीव झाला नाही.

नंतर एकदा मुलीने आपल्या नावाने ते पान उघडून पाहिलं. बाईंनी जुन्या मजकुराखाली लिहिलं होतं. मला फार राग आला होता, अजून थोडा आहे. पण मुलाच्या पायाला बुटांमुळे जखमा झाल्यात. तुमच्या माणसांना असं होतं तेव्हा तुम्ही काय करता? साडूंचं नाव बंद होतं. मुलगी म्हणाली, माझ्या नावाने लिहा. त्यावर साडूंनी तिच्याकडून आधी चार ओळी लिहून घेतल्या, की हे लिहिणारी अमुक, सांगणारा तिचा बाप तमुक, सैनिक नव्हे. मग सांगितलं. मोजे दिवसातून दोनदा बदलायचे, पाय कोरडे करून पावडर लावायची, आणि लाज न बाळगता डॉक्टरला दाखवायचं, आमची पोरं तीच चूक करतात. उत्तर गेलं. काही दिवसांनी ते पानच कुणीतरी बंद केलं. बाईंनी ते वाचलं की नाही, आम्हाला कळलं नाही.

पुढच्या वर्षी आमच्या अजमानच्या घरी मंडळी जमली असताना कुणीतरी इराकातल्या त्या अमेरिकन पोरांचा विषय काढला. गेलेत कशाला तिथे मरायला, भोगा म्हणावं, असं बरंच काही. पोरं हजर नव्हती. सगळ्यांनी सवयीने साडूंकडे पाहिलं, आता हे सुटणार म्हणून. ते उठून गॅलरीत गेले. मी चहा घेऊन मागोमाग गेलो. खाली रस्त्यावर लेबर कॅम्पची बस माणसं उतरवत होती, एकेकाच्या हातात डबा. साडू ती माणसं बघत होते.

"साडूभाऊ," ते म्हणाले, "तो मुलगा घरी पोचला असेल ना?"

मला कुठून माहीत असणार? त्याचं नावसुद्धा आम्हाला माहीत नव्हतं. पण या माणसावर माझं किती प्रेम आहे ते मला त्या क्षणी कळलं, आणि मी म्हटलं, "पोचला. केव्हाच पोचला असणार."

कधी पोचला, कसा पोचला, तुम्हाला कुणी सांगितलं, यातलं काहीही त्यांनी विचारलं नाही. बशी माझ्या हातातून घेतली आणि चहा प्यायले.