पिवळं पडलेलं औषध

लढाईच्या काळात मी सांगलीला बायकांच्या एका दवाखान्यात नर्स होते. पोट फाडून मूल काढणं तेव्हा अगदी शेवटचा उपाय. मूल काढल्यावर गर्भपिशवी आवळावी, रक्त थांबावं, म्हणून डॉक्टरीणबाई अर्गटचं इंजेक्शन देत. ते विलायतेहून यायचं. लढाईमुळं माल येईनासा झाला आणि आमच्याकडं औषधाच्या दोनच काचेच्या नळ्या उरल्या. औषध थंड ठेवायला हवं, पण बर्फ कुठला मिळायला? माठाखालच्या ओल्या वाळूत आम्ही त्या जपून ठेवल्या होत्या.

त्या वैशाखात एक नळी कुपवाडच्या बाईला दिली. ती वाचली. दुसऱ्या दिवशी दुपारी आटपाडीकडची एक पहिलटकरीण आली. आधी बैलगाडीतून, मग मालमोटारीतून. मूल आडवं. नवरा फौजेत, सोबत एकटी सासू.

"आवं बाई, लय कळा सोसल्या हो पोरीनं," सासू माझा हात धरून म्हणाली. "माज्या लेकाला म्या काय सांगू?"

क्लोरोफॉर्म देऊन डॉक्टरीणबाईंनी पोट फाडलं. मूल जिवंत निघालं, मुलगी. पण पिशवी आवळेना. बाईंनी उरलेली नळी मागितली. मी ती उजेडात धरली. पाण्यासारखं स्वच्छ असायचं औषध उन्हाळ्यानं पिवळं पडलं होतं.

"बाई, रंग बदललाय."

"दुसरं आहे का?"

नव्हतं. त्यांनी तेच टोचलं. पिशवी क्षणभर घट्ट झाली, पुन्हा सैल पडली. कापडं भिजत गेली. टाके घालून झाल्यावर बाई म्हणाल्या, "दाबून धर, सोडू नकोस." मी दोन्ही हातांनी तिचं पोट दाबून धरलं. बाईंनी माझे हात बाजूला केले तेव्हा कळलं, की ती केव्हाच गेली होती.

पोर रडत होती. शेजारच्या खोलीत खाटेवर असलेल्या कुपवाडच्या बाईनं न सांगता तिला पदराखाली घेतलं. ती पाजत होती आणि रडत होती. "माजं औषध तिला मिळालं असतं तर?" तिनं विचारलं.

सासू नातीला घेऊन गावी गेली. शेळीच्या दुधावर पोर पावसाळ्यापर्यंतच जगली.

पुढं नवरा रजेवर आला, तो थेट दवाखान्यात. खाकी कपड्यांतच व्हरांड्यात उभा राहिला.

"तिकडं बोटाला खरचाटलं तरी सुई टोचत्यात, बाई. हितं एक औषध न्हवतं?"

"होतं. पण खराब झालं होतं."

त्यानं डोक्यावरची टोपी काढली. मग म्हणाला, "पोर म्या बघितलीच न्हाई. तिच्या आईसारकी व्हती का वो?"

मी आठवून पाहिलं. पोरीच्या आईचा चेहरा काही केल्या डोळ्यांपुढं येईना. आठवत होतं ते फक्त माझ्या हातांखाली मऊ पडत गेलेलं तिचं पोट.