लग्नाच्या कॅसेटमधलं आमचं गाणं

बहिणीच्या लग्नाच्या व्हिडिओ कॅसेटमध्ये आम्ही चौघं एका माइकभोवती उभे राहून गातोय: थोरला भाऊ, मी, मावसभाऊ आणि शेजारचा मित्र. गाणं जुनं, इंग्रजी, संथ चालीचं. एकानं चाल धरायची आणि बाकीच्या तिघांनी वेगवेगळे सूर लावून त्याला साथ द्यायची, अशा धाटणीचं. निर्मळ गावातल्या आमच्या वाडीत केळीला पाणी देणारा पंप बंद झाला की सराव चालायचा. चाल अर्थातच भावाकडे. चर्चच्या गायनमंडळात आम्हाला शिस्तच तशी लागलेली. आपापला सूर सांभाळायचा, दुसऱ्याच्या सुरात नाक खुपसायचं नाही. माझ्या वाट्याला खर्ज. अख्ख्या गाण्यात मी नुसतं 'ऊं ऊं' करायचो, आणि त्याचाही केवढा तोरा!

कॅसेट घरी आली तेव्हा शेजारीपाजारी बघायला जमले. पडद्यावर आम्ही तोंडं उघडली आणि एका बाईच्या आवाजात हिंदी सिनेमाचं गाणं सुरू झालं! त्या काळी सगळेच व्हिडिओवाले करायचे तेच यानंही केलं होतं. मूळ आवाज पुसून वर सिनेमाची गाणी चढवलेली. त्याला चार शब्द सुनावायला मी चपला घातल्या, तर भाऊ हसून हसून डोळे पुसत म्हणाला, "जाऊ दे रे. गाऊ की परत. आपण काय कुठे पळून चाललोय?"

पुढे तो आखातात नोकरीला गेला, आणि त्याची मुलगी चालायला लागायच्या आत शवपेटीतून परत आला. त्याचा आवाज कशावरही राहिला नाही. याची हळहळ मला अजून वाटते.

ती मुलगी कॉलेजात जायला लागली तेव्हा एका रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपून आमच्याकडे आली. "काका, पप्पा कसे गायचे?"

"त्या गाण्याची सीडी मिळते की बाजारात."

"ती ऐकलीय मी. मला पप्पांचं पाहिजे."

मी उरलेल्या दोघांना बोलावून घेतलं. कॅसेट लावली, टीव्हीचा आवाज बंद केला आणि भावाचे ओठ हलले तसं आम्ही सुरू केलं. मित्रानं चाल धरून पाहिली, पण दुसऱ्याच ओळीला घसरून तो आपल्या सुरावर आला. माझीही तीच गत. शेवटी तिघांनी आपापलंच गायलं.

शेवटच्या कडव्यात एक ओळ भावाची एकट्याची होती. तिथे आम्ही सवयीनं थांबलो. पडद्यावर तो डोळे मिटून गात होता, खोलीत फक्त पंख्याची घरघर. पोरगी पुढे सरकली आणि तिनं टीव्हीला कान लावला.

आमची पुन्हा सुरू करायची जागा आली आणि निघून गेली. तिघांपैकी एकाच्याही तोंडून सूर फुटला नाही.