शिव्यांच्या नोंदीचा संदर्भ

शिव्यांची एवढी काळजी वाहणारा आणि स्वतः जन्मात एकही शिवी न दिलेला माणूस आमच्या देवासात माझ्या भाऊजींखेरीज दुसरा झाला नाही. कारखान्यात आयुष्यभर यंत्रं दुरुस्त केली. बोटावर हातोडी बसली तरी तोंडून ‘अरेरे’ एवढंच निघे. मात्र दुसऱ्या कोणी शिवी हासडली, की हातातलं काम ठेवून ते अदबीने विचारत, "भिया, ये कहाँ सुनी आपने?" आणि खिशातल्या वहीत टिपून घेत. धारच्या बसमध्ये एकदा कंडक्टर त्यांच्यावरच घसरला, तेव्हा "जरा धीरे से, लिख रहा हूँ" म्हणाले. कंडक्टर इतका ओशाळला, की त्याने स्वतःची जागा दिली.

निवृत्तीनंतर ते संगणक शिकले आणि इंटरनेटवरच्या, कोणालाही लिहिता येणाऱ्या मराठी ज्ञानकोशात त्यांनी ‘शिव्या’ ही नोंद लिहिली. त्यातला अर्धा ऐवज त्यांच्या बायकोचा, म्हणजे माझ्या ताईचा. आमच्याकडे लग्नात वरपक्ष जेवायला बसला, की वधूकडच्या बायका गाण्यांतून त्याला शिव्या घालतात, आणि ज्याचं नाव राहून गेलं तो रुसतो. एका लग्नात मनावर गावच्या व्याह्यांनी पानावरून हातच उचलला. "आम्हाला काही मान आहे की नाही?" ताईने उभ्या उभ्या रचलं: ‘मनावरचे व्याही आले, अक्कल घरी ठेवून आले, मिशीला कढी लावून बसले!’ व्याही प्रसन्न झाले, वर जिलबी मागून घेतली.

ताई गेल्यावर ती गाणी कोणाच्या तोंडी उरली नाहीत. उरली ती फक्त त्या नोंदीत. आणि नोंदीवर एक दिवस पाटी लागली: ही नोंद ठेवावी की काढावी? सदस्यांनी मत द्यावं. कोणी लिहिलं, हा ज्ञानकोश आहे, उकिरडा नव्हे. कोणी विचारलं, गाण्यांना पुरावा काय? भाऊजींनी खाली लिहिलं, ‘संदर्भ: माझी पत्नी, देवास. मौखिक.’ लोक खोडत, ते पुन्हा लिहीत.

मी पडलो शाळामास्तर. म्हटलं, "भाऊजी, गाणी तेवढी काढा, नोंद वाचेल."

"मेहुणे," ते शांतपणे म्हणाले, "तुमच्या बहिणीला भरल्या पंगतीतून उठवू?"

मी मत दिलं: राहावी.

शेवटी सर्वांत कडक विरोधकाचा तोल गेला. ‘गाढवा, अक्कल गहाण टाकलीस काय?’ असं त्याने चर्चेतच लिहिलं. भाऊजींना दिवाळी झाली. तो मजकूर त्यांनी तसाच नोंदीत घातला, संदर्भ म्हणून त्या गृहस्थाचं नाव दिलं आणि खाली लिहिलं, ‘ज्यांना ही नोंद नको, त्यांनाही तिच्यावाचून भागलं नाही. आभारी आहे.’ त्यानंतर विरोधाला कोणी फिरकलं नाही. नोंद राहिली.

भाऊजींना जाऊन आता महिना झाला. परवा ती नोंद उघडली, तर गाण्यांखालची ओळ पुन्हा कोणीतरी काढली होती. ‘माझी पत्नी’ असं लिहिणारं आता कोणी नव्हतं. मग एकेक अक्षर शोधत लिहिलं, ‘संदर्भ: माझी बहीण, देवास. मौखिक.’

खोडू देत. मला आता दुसरं काम तरी काय आहे?