दंडाला टेप लावायची नाही

तो चिमटा मला फार आवडायचा, हे आधीच सांगून टाकते. पुढचं सगळं त्या आवडीतूनच झालं.

साताऱ्याला शारीरिक शिक्षणाच्या पदवीचं माझं शेवटचं वर्ष चालू होतं. नव्वदचं दशक निम्मं सरलं होतं. प्रत्येकाने एक छोटा प्रकल्प करायचा होता, आणि सरांनी मला कपाटातून एक निळी डबी काढून दिली. आत पक्कडीएवढा चिमटा होता. मूठ दाबली की त्याचे जबडे उघडायचे, सोडली की हलकेच मिटायचे आणि वरच्या तबकडीवर काटा फिरायचा. अंगावरची कातडी दोन बोटांत धरून उचलायची, तिच्यावर जबडे मिटवायचे आणि काटा थांबला की मिलिमीटर वाचायचे. दंडाच्या पुढे, दंडाच्या मागे, पाठीवर खांद्याच्या फऱ्याखाली आणि कमरेवर अशा चार जागा घ्यायच्या. चारींची बेरीज करून छापील कोष्टकात बघितलं की त्या माणसाच्या अंगात शेकडा किती चरबी आहे ते मिळायचं.

डबीत एक कापडी टेपही होती. तिने दंडाचा घेर घ्यायचा, त्यातून चरबीचा हिशेब वजा करायचा, म्हणजे आतला स्नायू वाढतोय की झिजतोय ते कळायचं. सर म्हणाले होते, दोन्ही मापं एकत्र घे, नुसता चिमटा अर्धंच सांगतो. मी मान डोलावली. मान डोलवण्यात मी पहिल्यापासून पटाईत.

मोजायला माणूस घरचाच होता. माझा धाकटा भाऊ सांगलीच्या एका तालमीत राहून कुस्ती करत होता. एकवीस वर्षांचा, अंगाने थोराड, खाण्यावर मरणारा. वस्तादांनी त्याला सांगितलं होतं, मे महिन्यातल्या निवडीला चौऱ्याहत्तर किलोच्या गटात उतरायचं. त्याचं वजन तेव्हा चौऱ्याऐंशी होतं. दहा किलो उतरवायचं, पण ताकद कमी होऊ द्यायची नाही, एवढं त्याचं काम. आणि जे उतरतंय ती चरबीच आहे ना, हे बघायचं माझं.

आमचं घर आष्ट्याला. वडील लवकर गेले होते. आईने तीन म्हशींवर आम्हा दोघांना वाढवलं आणि त्यातल्या एकीचं दूध कायम त्याच्यासाठी बाजूला ठेवलं. एक रविवार सोडून एक तो सांगलीहून यायचा आणि मी साताऱ्याहून कऱ्हाड, इस्लामपूर करत एसटीने पोहोचायची. पहिल्या रविवारी मी डबी उघडली तेव्हा तो म्हणाला, "आक्का, खेकडा आणलास व्हय गं?" तेव्हापासून आमच्या घरात चिमट्याला खेकडाच म्हणायचे.

खेकड्याला आईची हरकत नव्हती. टेप बाहेर काढली तशी मात्र ती हातातलं काम टाकून आली.

"ती फीत ठेव आत. पैलवानाचा दंड मोजत न्हाईत."

आमच्याकडे ही रीतच होती. तालमीत जाणाऱ्या पोराची छाती, दंड, मांडी मोजायची नाही, दृष्ट लागते. शिंप्याकडेसुद्धा त्याला न्यायचे नाहीत, जुना शर्ट नेऊन त्या मापाने नवा शिवून आणायचे. मी पदवीच्या शेवटच्या वर्षाला होते, मला हे पटायचं कारण नव्हतं. मी वाद घातला. म्हटलं, मग चिमटा कसा चालतो?

"तो चरबी मोजतोय. चरबीला काय दृष्ट लागायची ती लागूंदे. गेली तर बरीच."

धाकटा पोट धरून हसला. मलाही हसू आलं आणि मी टेप डबीत ठेवून दिली. सरांना जाऊन सांगितलं, घरचे ऐकत नाहीत. तेही हसले आणि म्हणाले, मग तो रकाना मोकळा सोड. वहीत दंडाच्या घेराचा रकाना मी आखलेला होता. तो शेवटपर्यंत मोकळा राहिला.

जानेवारीत त्याची चरबी शेकडा अठरा भरली. फेब्रुवारीत सतरा, मार्चमध्ये साडेपंधरा. वजनही उतरत होतं. मी दर वेळी आकडा मोठ्याने वाचायची आणि तो उघड्या अंगाने अंगणात उड्या मारायचा. मला तेव्हा काय वाटायचं ते लपवण्यात अर्थ नाही. मला वाटायचं, हे मी करतेय. बाईमाणसाने तालमीत पाऊल टाकायचं नाही, त्यामुळे तो घाम गाळायचा ते मी कधी पाहिलं नव्हतं. पण माझा आकडा तालमीत जात होता. वस्ताद त्याला विचारायचे, "बहिणीनं काय सांगितलं?" आणि माझी छाती फुगायची.

मार्चपासून तो पाणी फार पिऊ लागला. घरी आला की तांब्या तोंडाला लावायचा तो रिकामा करूनच खाली ठेवायचा, आणि पुन्हा भरायचा. भूकही दुप्पट झाली होती. आम्ही म्हणालो, ऊन वाढलंय, मेहनत वाढलीय. तो वाळत चालला तसा आईचा जीव खालीवर होऊ लागला आणि तिने त्याच्या दुधात साखर वाढवली. रात्री तो लघवीला न्हाणीतच जायचा, तिथे मुंग्यांची रांग लागायची. आईला वाटायचं यानेच तिथे सांडलवंड केलीय, आणि ती त्याला ओरडायची. मी शरीरशास्त्राच्या पेपरात पहिल्या वर्गाचे गुण मिळवले होते. त्या मुंग्यांवर गरम पाणी ओतून मी न्हाणी धुतली.

एप्रिलच्या शेवटी तो आला तेव्हा वजन सत्तरवर गेलं होतं. पाहिजे होतं त्याहून चार किलो कमी. चरबी शेकडा तेरा. त्याने येताना पेढे आणले होते. "आक्का, वस्ताद म्हणत्यात आता जरा थांब, लय उतरलास," असं तो हसत सांगत होता. बोलताना मधेच ओसरीच्या खांबाला टेकला आणि टेकूनच उभा राहिला. पाठीवरची कातडी मी चिमट्यात धरली तेव्हा ती बोटांत सैल आली. चांगला आकडा येणार म्हणून मी खूष झाले. ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही.

निवडीला आठ दिवस राहिले असताना तो न सांगताच घरी आला. माझी परीक्षा संपली होती, मी घरीच होते. पोटात दुखतंय म्हणून तो पडून राहिला, दुपारी दोनदा ओकला. आईला वाटलं ऊन लागलं. आम्ही त्याला लिंबू-साखरेचं पाणी देत राहिलो, तो मागेल तेवढं. संध्याकाळी त्याचा श्वास जोरजोरात चालू झाला, शर्यतीनंतर धापा टाकाव्यात तसा, आणि तो तर नुसता पडून होता. तोंडाला पिकलेल्या फळासारखा वास येत होता. शेजाऱ्यांची जीप काढून आम्ही त्याला सांगलीला नेलं. वाटेत त्याने मला एकदा विचारलं, "निवडीपर्यंत उठंन न्हवं?" मी म्हटलं, उठशील.

दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि साखर सांगितली. आम्हाला तो शब्द घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या आजाराचा म्हणून माहीत होता. एकवीस वर्षांच्या पैलवानाला मधुमेह, हे आईला तीनदा सांगावं लागलं. मग त्यांनी विचारलं, वजन कधीपासून उतरतंय? मला वाटलं, इथे तरी माझा उपयोग होईल. पिशवीत वही होती, मी ती पुढे केली. चार महिन्यांच्या नोंदी, तारखेसह, नीट आखलेल्या.

त्यांनी पानं उलटली. खिशातलं पेन काढून समासात दोन आकडे मांडले. चौऱ्याऐंशी किलोत शेकडा अठरा म्हणजे पंधरा किलो चरबी. सत्तर किलोत शेकडा तेरा म्हणजे नऊ. "चरबी गेली सहा किलो," ते म्हणाले. "वजन गेलं चौदा. मग बाकीचे आठ किलो कुठले गेले, ते बघितलं नाहीत का?"

ते रागावून म्हणाले नव्हते. मला त्यांचा राग आला असता तर बरं झालं असतं. मी चार महिने शेकडा शेकडा करत होते आणि एकदाही त्याचे किलो केले नव्हते. आठ किलो मांस त्याच्या अंगावरून गेलं होतं, आणि ते कळायला टेपची गरजच नव्हती. चौथीतल्या पोराला येईल अशी वजाबाकी होती. आई त्या वेळी आत, त्याच्या उशाशी होती. तिने हे ऐकलं नाही.

महिनाभर आधी आणला असतात तर इंजेक्शनवर उभा राहिला असता, असं डॉक्टर म्हणाले. तिसऱ्या दिवशी सकाळी तो गेला.

वस्ताद मातीला आले होते. सगळं झाल्यावर ते माझ्याजवळ येऊन उभे राहिले. ते मनगटाएवढ्या बोटांचे, थोडं बोलणारे गृहस्थ. तालमीत पोरांच्या मांडीत अंगठा रुतवून ते सांगायचे, हा तयार आहे, हा अजून कच्चा. "पोरी, मी मार्चातच त्याला म्हणलं हुतं," ते म्हणाले. "दंड दाबून बघितला. म्हणलं, गड्या, मऊ पडलायस. डाक्टरला दाखव. तर म्हणला, आवं न्हाई वस्ताद, आक्कानं मोजलंय. चरबीच चाललीया."

मग ते म्हणाले, "मला वाटलं, शिकल्याली पोर हाय. तिला माझ्यापरीस जास्त कळतंय."

त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. तो हात झिडकारून टाकावासा वाटला मला, इतकी मी स्वतःवर चिडले होते.

वही मी चुलीत घातली. ती तशी सरांना द्यायची होती. प्रकल्प म्हणून मी वर्गातल्या मुलींची मापं भराभर घेऊन दिली आणि चिमटा कपाटात परत गेला. पदवी मिळाली. मुलींच्या शाळेत नोकरीही लागली, ती आष्ट्यालाच, म्हणून मी आईपाशी राहिले. लग्न केलं नाही. त्याची कारणं वेगळी होती, उगाच सगळं एकाच खुंटीला टांगत नाही.

पण सांगायचं आहे ते त्याच वर्षीचं, त्याला जाऊन महिना झाला असेल तेव्हाचं. आई धार काढायला बसली होती, मी रेडकाला धरून उभी होते. दूध आता जास्त व्हायचं, कारण पिणारा नव्हता. आईने म्हशीच्या पोटाला डोकं टेकवलेलं होतं आणि तसंच, माझ्याकडे न बघता, तिने विचारलं.

"ती फीत लावू दिली असती, तर कळलं असतं का गं?"

महिनाभर ती हे मनात घोळवत होती, हे तिच्या आवाजावरून समजलं. मला खरं उत्तर माहीत होतं. फितीविनाही कळत होतं, आई. वहीत सगळं होतं. वस्तादांच्या अंगठ्याला कळलं होतं, आणि माझ्या आकड्याने त्यांचं तोंड बंद केलं. हे सगळं माझ्या जिभेवर होतं. आणि त्याच्या मागोमाग राग आला. तिच्या त्या दृष्टीचा, तिच्या साखरेचा, तिने माझ्या हातून टेप ठेवायला लावली त्या रविवारचा. तेवढा एक क्षण मला वाटलं, यातलं काहीतरी दुसऱ्या कुणाचं असू दे.

"व्हय," मी म्हणाले. "कळलं असतं."

आईचे हात थांबले. मग पुन्हा चालू झाले. धार संपल्यावर ती उठली, चरवी माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "मीच मारला म्हणायचा त्याला." मी चरवी घेऊन घरात गेले.

त्यानंतर आई अकरा वर्षं जगली. आम्ही दोघी एकाच घरात राहत होतो, रोज एकत्र जेवत होतो.