सुरुंगाआधीची हाळी

सोनबा धनगर भित्रा माणूस होता. हे आधीच सांगतो, कारण त्याच्याबद्दल लोक उलटं सांगतात.

भोरच्या पश्चिमेला घाटाचा रस्ता फुटत होता, तेव्हा छत्तीस-सदतीस साली मी त्याच्याबरोबर दोन हंगाम काम केलं. मी पहारेवर होतो. एकानं पहार धरून फिरवायची, दुसऱ्यानं वरून घण घालायचा. काळ्या पाषाणात दोन हात खोल भोक पाडायला दोघांचा अख्खा दिवस जाई. मग त्यात दारू ठासायची, वात सोडायची. इथून पुढचं काम सोनबाचं. त्यानं हाळी द्यायची, माणसं लांब गेली की बत्ती लावायची आणि स्वतः पळायचं.

तो वेल्ह्याच्या वरच्या धनगरवाड्यातला. मेंढरं राखताना या डोंगरावरून त्या डोंगराशी बोलायची सवय, म्हणून मुकादमानं त्याला हाळीला घेतला. आवाज दांडगा, पण बत्तीच्या दिवशी तो सकाळची भाकरी खात नसे. म्हणायचा, "पोटात न्हाई ऱ्हात रं. कुनी तरी मागं ऱ्हायलंय असंच वाटतं."

त्याची हाळी ठरलेली होती. तीन टोळ्या, तीन नावं. "ए गेनूऽ! म्या बत्ती लावतुयाऽ! मानसं आली का रंऽ?" वरच्या वळणावरून सारोळ्याचा गेनू ओरडे, "व्हय, आलीऽ!" मग मधली टोळी चिमाजीची. शेवटी खालचं वळण. तिथं मार्गासनीच्या बायका पाट्यांनी खडी वाहत, आणि त्यांच्यात भागूबाई पुढं असे. ती आकडा सांगे, "आमी सात जनी आलूऽ!" तिन्ही जबाब आल्याशिवाय बत्ती नाही. कधी कधी यात पाव तास जाई. आम्ही घामानं भिजलेले, वाऱ्यात गारठत उभे. मी कुरकुरायचो. सोनबा ऐकायचा नाही.

दुसऱ्या हंगामात पुण्याहून नवे ओव्हरसियर आले. माणूस वाईट नव्हता. उन्हात आमच्याबरोबर उभा राही, भोकाची खोली स्वतः मोजी. पण सोनबाची हाळी ऐकून ते हसले, मग रागावले. "हे सरकारी काम आहे की जत्रा? अरे-तुरे काय, म्या-तुम्या काय! आणि एवढा वेळ?" त्यांनी वहीचं पान फाडलं, त्यावर एक वाक्य लिहिलं आणि मी चौथी शिकलेला म्हणून माझ्या हातात दिलं. उद्यापासून सोनबानं हेच म्हणायचं, तीन वेळा, आणि बत्ती लावायची.

वाक्य असं होतं: "सुरुंगास बत्ती देण्यात येत आहे. सर्व मजुरांनी सुरक्षित अंतरावर जावे."

दुपारच्या सुट्टीत एका कातळाच्या सावलीला मी सोनबाला ते शिकवायला बसलो. गेनू शेजारी तंबाखू मळत होता.

"सावळ्या, ह्यात बत्ती कोन देतंय?" सोनबानं मला विचारलं.

"कुनीच न्हाई. देन्यात येतिया."

"आपली आपुन?"

"लिवायची रीत हाय, नाना."

"मग पळायचं कुनापास्नं?" गेनू म्हणाला. "आन ह्ये 'जावे' काय? लग्नपत्रिकंत असतं तसं. यावे, भोजनास थांबावे. जायाचं तर जा, न्हाईतर बसा."

आम्ही हसलो. सोनबा हसला नाही. "ह्येच्यात जबाब कुठं मागितलाय?" तो म्हणाला.

मी पान उलटून पाहिलं. मागं काही नव्हतं. "साहेब म्हनत्यात तसं म्हन, नाना," मी म्हणालो. "काम जाईल न्हाईतर." हे मी म्हणालो, म्हणून हे सगळं लिहितो आहे.

त्यानं पाठ केलं. शब्दन् शब्द. अक्षर न येणाऱ्या माणसानं अर्ध्या तासात पाठ केलं, कारण चुकण्याची भीती होती. साहेबांसमोर त्याचं बोलणं तसंही बदलायचं. वाड्यात 'म्या', मुकादमापुढं 'आमी', साहेबांपुढं मान खाली घालून नुसतं 'जी'. आम्हा सगळ्यांचंच तसं होतं. पण हाळी देताना तो कधी बदललेला नव्हता.

दुसऱ्या दिवशी चार भोकं भरली होती. साहेब जवळ उभे. सोनबानं हात तोंडाशी धरले आणि वाक्य म्हटलं. आवाज तोच, पण सूर नव्हता. पाठ केलेलं माणूस म्हणतं, तसं एका दमात. तीन वेळा म्हटलं.

वरून गेनूच्या टोळीचं हसणं आलं. त्यांना ठाऊक होतं, ती बाजूला झाली होती. मधली टोळी आम्हाला दिसत होती. खालून काही नाही.

"साहेब," सोनबा म्हणाला, "खालनं जबाब न्हाई."

"तीन वेळा सांगितलंस ना? ऐकलं असेल. लाव."

सोनबा वाकला. बत्ती वातीजवळ नेऊन त्यानं पुन्हा खाली कान दिला. मला वाटलं, हा नाही म्हणेल. माझ्याही तोंडाशी आलं होतं. मी आडोशाकडं वळलो. त्यानं चारही वातींना बत्ती दिली.

वाती लांब होत्या. शंभर मोजेपर्यंत वेळ. आम्ही आडोशाला पोचलो तेव्हा माझे तीस झाले होते. तिथून खालचं वळण दिसे. वळणावर डोक्यावर पाटी घेतलेली बाई आली. तिच्यामागं दुसरी. मग तिसरी. चालणं नेहमीचं, सावकाश.

भागूबाईनं नंतर सांगितलं, त्यांनी हाळी ऐकली होती. त्यांना वाटलं, साहेब सोनबाकडून काहीतरी पाठ म्हणवून घेतायत. आपलं नाव आलं नाही, म्हणजे आपल्यासाठी नाही.

साहेब ओरडले, "पळा! पळा गं, पळा!" बायका थांबल्या. कुठं पळायचं? एक वर आमच्याकडेच निघाली.

सोनबा आडोशातून बाहेर गेला. उघड्यावर उभा राहिला आणि ओरडला, "भागेऽ! पाट्या टाकाऽ! वर येऊ नगाऽ! मोरीत शिराऽ! मोरीतऽ!"

पाट्या पडल्या. रस्त्याखाली पाण्यासाठी अर्धी बांधलेली मोरी होती, तिच्यात लुगडी एकामागून एक गेली. मी मोजणं विसरलो होतो. सोनबाला कमरेला धरून मी मागं ओढला आणि पहिला सुरुंग उडाला.

चारही उडाले. दगड खालच्या वळणावर बराच वेळ पडत राहिले. मग धूळ. मोरीचं तोंड दिसेना.

सोनबा पुन्हा उठला. त्यानं एकेक नाव घेतलं आणि प्रत्येक नावानंतर थांबला.

"भागेऽ!"

"हाय वं!"

"चंद्राऽ!" "रतनेऽ!" जबाब येत होते, खोकत, रडत. सहा आले.

"ठकेऽ!"

काही नाही.

"ठकूबायऽ! ए ठकेऽ!"

काही नाही. साहेब खाली बसले. सोनबा उतरणीवरून निघाला. ती उतरण मी रोज चढलोय, धड पाय ठरत नाही तिथं. तो घसरत, गडगडत गेला. मी मागं.

ठकूबाई मोरीच्या तोंडाशी बसली होती. अंगावर धुळीचा थर, एका कानातून रक्त गळ्यापर्यंत आलेलं. सोनबानं समोर बसून नाव घेतलं. ती त्याच्या तोंडाकडं बघत राहिली. मग स्वतःच मोठ्यानं म्हणाली, "नाना, तुमी बोलत का न्हाई?"

जीव वाचला, दोन्ही कान गेले.

साहेबांनी वर रिपोर्ट लिहिला. मुकादमानं मला वाचायला लावला. "सुरुंग उडविण्यात आले. एका मजूर स्त्रीस इजा झाली." त्यात सोनबा नव्हता, साहेब नव्हते, मी नव्हतो.

दुसऱ्या दिवशी सोनबा साहेबांपुढं गेला. या वेळी 'जी' म्हणाला नाही. "म्या जबाब आल्याबिगार बत्ती लावनार न्हाई. काडायचं तर काडा." मी शेजारीच होतो. साहेब भोकांची खोली मोजायला निघून गेले. ते पान पुन्हा कुणी मागितलं नाही.

ठकूबाई आठ दिवसांनी कामावर आली. घरी बसून भागणार नव्हतं. त्या दिवशी सोनबानं हाळी दिली. गेनूचा जबाब आला, चिमाजीचा आला, भागूबाईनं ओरडून सांगितलं, "सात जनी!" आमचं सगळ्यांचं तयार होतं. सोनबानं बत्ती माझ्या हातात दिली आणि उतरण उतरून खाली गेला. ठकूबाईच्या पुढ्यात उभा राहिला, हातानं सुरुंगाकडं दाखवलं, मग मोरीकडं. ती मान हलवून आत गेली. ती आत बसलेली बघूनच तो वर आला.

उतरायला दीडशे पावलं, चढायला दीडशे. चढ उभा. सोनबा तेव्हा पन्नाशीला आला होता. भागूबाई म्हणायची, मी हाताला धरून नेते तिला, तुम्ही कशाला येता. तो ऐकायचा नाही. रस्ता पुरा होईपर्यंत प्रत्येक बत्तीला तो खाली गेला आणि वर आला, आणि वर येऊन दम लागलेला असताना पुन्हा एकदा तिन्ही नावं घेऊन ओरडला. बत्तीच्या दिवशी सकाळची भाकरी त्यानं कधीच खाल्ली नाही.